हवाईची विमानसेवा: सुरुवात नक्की कुठल्या सालापासून धरायची?

सागरवेल

नमस्कार मंडळी,

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, अलामिडाला राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. घराजवळ नौदलाचा जुना विमानतळ आहे, बंद पडलेला. तिथे संध्याकाळी फिरायला गेलं की एक पाटी दिसते. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी इथून 'चायना क्लिपर' हे पाण्यावरून उडणारं विमान टपाल घेऊन हवाई बेटांवरून पुढे मनिलापर्यंत गेलं, असं तिच्यावर आहे. रोज बघून बघून ती पाटी दिसेनाशी झाली होती. मागच्या डिसेंबरात आम्ही होनोलुलूला जाऊन आलो. पाच तासांचा प्रवास. लेकीने एक सिनेमा संपवला, मी एक डुलकी काढली आणि उतरलो. परत आल्यावर पाटी पुन्हा वाचली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. तेवढंच अंतर, तोच समुद्र, आणि त्या विमानाला २१ तास लागले होते.

लेक आठवीत आहे. शाळेत तिला प्रकल्प आहे: एका बेटसमूहाची विमानसेवा कशी सुरू झाली, ते भिंतीवरच्या लांब कागदावर दाखवायचं. डाव्या टोकाला पहिलं साल येणार आणि तिथेच गाडी अडली आहे. तिने १९३६ लिहिलं, कारण तिकीट काढून बसलेले पहिले प्रवासी २१ ऑक्टोबर १९३६ला 'हवाई क्लिपर'मधून निघाले. मी म्हटलं, टपाल नेणं हाही धंदाच, १९३५ लिही. नवऱ्याने शोधून काढलं की बेटाबेटांमधली विमानं १९२९लाच सुरू झाली होती. बाबा पुण्याहून फोनवर म्हणाले, १९२७. घरात माणसं चार आणि सालंही चार.

तुम्ही कुठलं साल धराल? आणि का? 'का' जास्त महत्त्वाचं आहे, ते तिला कागदावर लिहायचं आहे.

मोगरा

वाचतेय! मला यातलं काही माहीत नाही, पण हा धागा शंभरी गाठणार असं दिसतंय. बाबांचं १९२७ कशावरून?

दर्यावर्दी

बाबांचं म्हणणं बरोबर आहे, मी त्यांच्या बाजूने. व्यापारी जहाजांवर छत्तीस वर्षं काढली, आता देवगडला घरी असतो. पॅसिफिक दोन्ही बाजूंनी ओलांडलाय, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

२८ जून १९२७ रोजी अमेरिकी लष्कराचे मेटलंड आणि हेगेनबर्गर हे दोघे फॉकर विमान घेऊन ओकलंडहून निघाले आणि २५ तास ५० मिनिटांनी ओआहू बेटावर व्हीलर फील्डला उतरले. मुख्य भूमीपासून हवाईपर्यंत हवेतून गेलेलं हे पहिलं विमान. वाटेत रेडिओ बीकनचा, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचा सिग्नल मधेच यायचा, मधेच जायचा. बराच वेळ हेगेनबर्गरने ताऱ्यांवर आणि होकायंत्रावर काम भागवलं. पहाटेच्या अंधारात त्यांना दिसला तो कौआई बेटावरचा किलाउएआ पॉइंटचा दीपगृहाचा दिवा. जहाजांसाठी बांधलेलं दीपगृह, आणि वाट दाखवली विमानाला! उजाडेपर्यंत त्यांनी तिथेच घिरट्या घातल्या आणि मग ओआहू गाठलं. रात्रभर कोऱ्या समुद्रावर राहून पहाटे दिवा दिसणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

'जाता येतं' हे त्या दिवशी ठरलं. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

टपालवेडा

काका, आदर ठेवून असहमत. मेटलंड-हेगेनबर्गर लष्कराचे. तिकीट नाही, भाडं नाही, वेळापत्रक नाही. धागा 'सेवे'बद्दल आहे. एकदा पोचणं वेगळं आणि दर आठवड्याला पोचणं वेगळं.

माझं मत १९३५. मी हवाई टपालाची पाकिटं जमवतो. २२ नोव्हेंबर १९३५च्या त्या उड्डाणासाठी अमेरिकेने त्याच तारखेला २५ सेंटचं निळं तिकीट काढलं. २५च का? तर टपालाचा दर टप्प्याटप्प्याने होता: अर्ध्या औंसाला हवाईपर्यंत २५, ग्वामपर्यंत ५०, फिलिपाइन्सपर्यंत ७५ सेंट. म्हणजे ते निळं तिकीट नेमकं हवाईच्या पत्राचं भाडं होतं. त्या फेरीत लाखाहून जास्त पत्रं होती. पत्राला खुर्ची लागत नाही, जेवण लागत नाही, ते घाबरत नाही, आणि सरकार त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे देतं. ही क्लिपर विमानं चालवणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप, त्यांचा सगळा हिशेब सरकारी टपालाच्या कंत्राटावर उभा होता. प्रवासी नंतर आले.

आपल्याकडेही तेच ना? १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते टपालाच्या थैल्या घेऊन. आधी पत्र, मागून माणूस.

मोगरा

पत्र घाबरत नाही 😀 हे आवडलं.

किनारा_हिलो

या धाग्यावर हजेरी लावणं भागच आहे. मी अकरा वर्षं हवाई बेटावर, म्हणजे 'बिग आयलंड'वर हिलोला राहिलो, मौना केआच्या दुर्बिणींच्या कामानिमित्त.

सगळेजण सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर उभं राहून हवाईकडे का बघताय? जरा हिलोच्या धक्क्यावर उभे राहा. १९२९पर्यंत हिलोच्या माणसाला होनोलुलूला जायचं तर इंटर-आयलंड स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. रात्रभराचा प्रवास. माऊई आणि हवाई यांच्या मधली अलेनुइहाहा सामुद्रधुनी भल्याभल्यांना आडवं करते. त्याच बोटीत माणसं, गुरं, माल सगळं एकत्र. त्या बोट कंपनीतले स्टॅन्ली केनेडी पहिल्या महायुद्धात नौदलाचे वैमानिक होते. त्यांनी आपल्याच कंपनीला पटवून जानेवारी १९२९मध्ये इंटर-आयलंड एअरवेज काढली. आणि ११ नोव्हेंबर १९२९ रोजी सिकोर्स्की एस-३८ होनोलुलूहून माऊईमार्गे हिलोला आलं. आठ प्रवासी, दोन इंजिनं, खाली बोटीसारखं पोट आणि शिवाय दुमडणारी चाकं. पाण्यावर उतरा नाहीतर जमिनीवर. रात्रभराची बोट सुटली आणि माणूस काही तासांत पोचायला लागला.

वेळापत्रक होतं, तिकीट होतं, प्रवासी होते. टपालवेडा, तुमच्या सगळ्या अटी इथे पूर्ण होतात, आणि तुमच्या सालाच्या सहा वर्षं आधी. हीच कंपनी १ ऑक्टोबर १९४१ला हवाईयन एअरलाइन्स झाली आणि आजही त्या नावाची विमानं उडतायत. १९२९ला पर्याय नाही.

आडगणित

सगळ्यांचं वाचलं. मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. लेकीच्या कागदावर हे गणित लावलं तर वर्गाला मजा येईल.

सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू साधारण २,४०० मैल. मधे एकही बेट नाही. विमानाचा वेग ताशी १३० मैल धरला तर साडेअठरा तास. आता समोरून ताशी २५ मैलांचा वारा आला की उरतात १०५. २,४०० भागिले १०५ म्हणजे जवळजवळ २३ तास! वारा वेगाच्या पाचव्या हिश्शाएवढासुद्धा नाही, आणि प्रवास साडेचार तासांनी लांबला. साडेचार तासांचं जादा पेट्रोल कुठे ठेवणार? प्रवाशांच्या जागी.

हे उदाहरण कल्पनेतलं वाटेल, पण एप्रिल १९३५मध्ये असंच घडलं. पॅन अमेरिकनने सिकोर्स्की एस-४२ चाचणीसाठी होनोलुलूला पाठवलं. कॅप्टन एडविन म्युसिक, नेव्हिगेटर फ्रेड नूनन. जाताना १८-१९ तास. येताना समोरून वारा लागला आणि २३ तासांहून जास्त. अलामिडाला उतरले तेव्हा टाक्या जवळपास कोरड्या होत्या. त्या विमानात एकही प्रवासी नव्हता, सगळी जागा जादा टाक्यांना दिली होती.

म्हणून प्रवासी घेऊन जायला मार्टिन एम-१३० लागलं. चार इंजिनं, १३० फुटांचे पंख. खुर्च्या तीस-चाळीस माणसांच्या असल्या तरी हवाईच्या टप्प्यावर त्यातल्या बहुतेक रिकाम्या ठेवाव्या लागत, कारण हाच सगळ्यांत लांब टप्पा. प्रवाशांचं स्वतःचं वजनसुद्धा करत.

माझं साल: १९३६. कारण गणित सुटलं ते तेव्हा.

मोगरा

वजन?? सगळ्यांसमोर?? मग मी बोटीने.

शैला_ताई

आडगणित, तुमच्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो.

१९२७बद्दल बोलताना ऑगस्ट विसरू नका. जेम्स डोल, अननसाचे मोठे कारखानदार, त्यांनी लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या उड्डाणानंतर लगेच बक्षीस जाहीर केलं होतं: ओकलंडहून होनोलुलूला पहिला येईल त्याला २५,००० डॉलर, दुसऱ्याला १०,०००. १६ ऑगस्टला आठ विमानं धावपट्टीवर आली. पोचली दोन. आर्ट गोबेल आणि विल्यम डेव्हिस यांचं 'वूलारॉक' पहिलं, मार्टिन जेन्सन आणि पॉल श्लुटर यांचं 'अलोहा' दुसरं. दोन विमानं समुद्रात गडप झाली. त्यांना शोधायला गेलेलं आणखी एक परत आलं नाही. तयारीत मेलेले धरले तर दहा माणसं गेली.

'मिस डोरान' या विमानात मिल्ड्रेड डोरान नावाची मिशिगनची शाळामास्तरीण होती, प्रवासी म्हणून. वय अवघं बावीस. मीही तीस वर्षं प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे हे वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. निघाल्यावर त्यांचं इंजिन बिघडलं, ते परत आले. तिला उतरता आलं असतं. दुरुस्ती झाली, ती पुन्हा चढली.

सागरवेल, लेकीच्या कागदावर सुरुवातीचं साल काहीही असू दे, मिल्ड्रेडचं नाव कुठेतरी येऊ दे एवढीच विनंती.

सागरवेल

ताई, नक्की. लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही.

दर्यावर्दी

डोल शर्यतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जिंकलेल्या विमानात रेडिओ होता आणि बीकन ऐकत ते सरळ आले. दुसरे जेन्सन-श्लुटर, त्यांच्याकडे तो नव्हता. वाट चुकले, घिरट्या घातल्या, पहिल्यापेक्षा बऱ्याच उशिराने आणि शेवटच्या पेट्रोलवर उतरले. लोकांना वाटतं शूरपणा कमी-जास्त होता. नाही. फरक कानाला लावलेल्या हेडफोनचा होता.

आता मार्गनिर्देशनाचं. ३,८५० किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे पोचताना ६५-७० किलोमीटर बाजूला. ऐकायला भयंकर वाटतं. पण नकाशा बघा: हवाईची मुख्य बेटं वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ६०० किलोमीटर पसरलेली, आणि तुम्ही येता ईशान्येकडून. म्हणजे बेटांची रांग तुमच्यासमोर आडवी, कुंपणासारखी. त्यात मौना केआ ४,२०७ मीटर उंच, ढगांवर डोकं काढून. हवाई शोधणं सुईचं टोक शोधण्यासारखं होतं असं सगळीकडे लिहितात, ते मला पटत नाही. हवाईची अडचण अंतराची होती, ती आडगणितबाईंनी नीट सांगितली. सुईचं टोक म्हणजे पुढचे मिडवे आणि वेक. तिथे डोंगर नाही, काही नाही, पाण्याच्या पातळीवर प्रवाळाची कडी.

आणि त्यासाठीच पॅन अमेरिकनचे रेडिओ इंजिनिअर ह्यूगो ल्यूटरिट्झ यांचं काम मोलाचं. त्यांनी अ‍ॅडकॉक पद्धतीचे मोठे अँटेना बेटांवर उभे केले. विमानाने मोर्समध्ये सिग्नल द्यायचा, जमिनीवरच्या माणसाने तो कुठल्या दिशेने येतोय ते मोजून विमानाला परत कळवायचं. जड यंत्र जमिनीवर, विमानात फक्त साधा रेडिओ. शिवाय नूनन सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, ताऱ्यांवरून जागा काढत असेच. पुढे हाच नूनन वैमानिक अमेलिया इअरहार्टबरोबर जुलै १९३७मध्ये हाउलँड बेट शोधताना नाहीसा झाला. इतका पट्टीचा माणूस. समुद्र असा आहे.

अभ्या

सगळे इंजिनं आणि अँटेना मोजताय, नौदलाकडेही जरा बघा. डिसेंबर १९३४मध्ये रूझवेल्टनी वेक बेट नौदलाच्या ताब्यात दिलं. तीनच महिन्यांनी, मार्च १९३५मध्ये 'नॉर्थ हेवन' हे जहाज विमानतळांचं सगळं सामान भरून सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं: घरं, जनरेटर, रेडिओचे मनोरे, इंधन, कामगार. १९२२च्या वॉशिंग्टन करारामुळे पश्चिम पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकेला नवी तटबंदी करता येत नव्हती. खासगी विमान कंपनीचा तळ मात्र चालत होता. जपानला ते न कळायला काय झालं?

होनोलुलूतलं क्लिपरचं धक्कास्थान कुठे होतं? पर्ल सिटी. म्हणजे पर्ल हार्बरच्याच पाण्यात. आणि हवाई म्हणजे १८९३ला राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली खेचून १८९८ला अमेरिकेने गिळलेलं राज्य. त्या बेटांच्या लोकांना कोणी विचारलं होतं का, की तुम्हाला हे हवंय का? मी ही विमानसेवा म्हणजे आरमाराचा लांब हात असंच समजतो.

टपालवेडा

अभ्या, मुद्दा मान्य, पण सगळा डाव आरमाराचाच असं म्हणणं जास्त होतंय. ट्रिपना आधी उत्तरेकडून, अलास्का-सायबेरियाच्या बाजूने जायचं होतं. ते राजकारणामुळे जमलं नाही, म्हणून मधल्या बेटांचा रस्ता. धंदा आणि नौदल दोघांची गरज एकाच जागी आली.

किनारा_हिलो

अभ्याने विचारलेला प्रश्न टाळून पुढे जाऊ नका, तो खरा आहे. माझ्या हिलोच्या शेजारीणबाई जपानी वंशाच्या होत्या, त्यांचे आजोबा उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आले होते. त्या म्हणायच्या, विमान आमच्या डोक्यावरून जायचं, आमच्यासाठी थांबायचं नाही. १९३६ला मुख्य भूमी ते होनोलुलू एका वेळचं भाडं ३६० डॉलर होतं. नवी फोर्ड मोटार ५००-६०० डॉलरला मिळायची. मळ्यातल्या माणसाने हे विमान बघायचंच फक्त.

म्हणूनच मला १९४६ फार महत्त्वाचं वाटतं. आत्तापर्यंत कोणी त्याचं नाव घेतलं नाही. होनोलुलूतले चिनी वंशाचे प्रकाशक रडी टाँग यांनी ट्रान्स-पॅसिफिक एअरलाइन्स काढली. पहिलं उड्डाण २६ जुलै १९४६. युद्धातून उरलेली डीसी-३ विमानं घेतली. कारण काय? बेटांवरच्या आशियाई वंशाच्या माणसाला तेव्हाच्या विमानसेवेत मान मिळत नव्हता, ना प्रवासी म्हणून, ना नोकरीत. त्यांच्या कंपनीला लोक 'लोकांची विमानकंपनी' म्हणायचे. १९४९ला तिला वेळापत्रकाचा परवाना मिळाला. पुढे १९५८ला तीच अलोहा एअरलाइन्स झाली. ३१ मार्च २००८ला तिची प्रवासी सेवा बंद पडली, त्या दिवशी मी हिलोच्या विमानतळावर होतो. काउंटरवरच्या बायका एकमेकींच्या गळ्यात लेई, म्हणजे फुलांच्या माळा घालून रडत होत्या. प्रवासी रांग सोडून त्यांना मिठ्या मारत होते. मीही मारली.

मोगरा

डोळे भरून आले हो.

शैला_ताई

किनारा, तुमचा हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून लिहा. खरंच लिहा.

अभ्या

धन्यवाद किनारा. माझ्या प्रश्नाला असं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. १९४६ला माझं मत.

आडगणित

अवांतर: ७ डिसेंबर १९४१ला हवेत असलेल्या क्लिपरचं काय झालं? वर्गात हमखास विचारतात.

दर्यावर्दी

एक नाही, तीन गोष्टी आहेत. 'अँझॅक क्लिपर' सॅन फ्रान्सिस्कोहून येत होतं, पर्ल हार्बरपासून तासाभराच्या आत. रेडिओवर हल्ल्याची बातमी आली आणि त्यांनी तोंड वळवून हिलो गाठलं. 'फिलिपाइन क्लिपर' वेकला पाण्यावर उभं होतं, त्याला गोळ्या लागल्या, तरी माणसं भरून ते निसटलं. आणि 'पॅसिफिक क्लिपर' न्यूझीलंडच्या बाजूला अडकलं. कॅप्टन रॉबर्ट फोर्ड यांना हुकूम आला: पूर्वेकडे येऊ नका, पश्चिमेकडून घरी या. म्हणजे जगाला वळसा! डार्विन, सुराबाया, सिलोनचं त्रिंकोमाली, मग आपलं त्या वेळचं कराची, बहारीन, खार्टूम, काँगो, ब्राझील, आणि ६ जानेवारी १९४२ला न्यूयॉर्क. वाटेतल्या बऱ्याच ठिकाणांचे नकाशे त्यांच्याकडे नव्हते. ग्रंथालयातून भूगोलाची पुस्तकं घेऊन निघाले होते.

त्यानंतर युद्धात बेटांवर लांब लांब धावपट्ट्या झाल्या आणि पाण्यावर उतरायची गरजच संपली. १९४६ला क्लिपर बोटी हवाईच्या मार्गावरून गेल्या. १ मे १९४७ला युनायटेड एअरलाइन्सही या मार्गावर आली. १९५९ला जेट आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई अमेरिकेचं एक राज्य झालं आणि मग पर्यटकांचा लोंढा.

नवखा_वाचक

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. उडती बोट होती तर अडचण आली की समुद्रात उतरता येत नसे का? मग एवढी भीती कशाला?

दर्यावर्दी

चांगला प्रश्न विचारलास बाळा. ही विमानं बंदरातल्या शांत पाण्यासाठी. भर समुद्रात दोन-तीन मीटरच्या लाटेवर ताशी शंभर मैलांनी उतरणं म्हणजे खडकावर आपटणं. नशीब असेल तर वाचता.

वाचल्याचं उदाहरण मात्र आहे, आणि तेही साध्या चाकांच्या विमानाचं. १६ ऑक्टोबर १९५६, पॅन अमेरिकनचं स्ट्रॅटोक्रूझर होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं. रात्री एका इंजिनाचा पंखा अनावर झाला, मग दुसरं इंजिन गेलं. पुढे जायला इंधन पुरेना, मागे जायलाही पुरेना. पण अर्ध्या वाटेवर तटरक्षक दलाचं 'पाँचरट्रेन' जहाज कायम उभं असायचं, हवामान आणि विमानांच्या मदतीसाठी. कॅप्टनने त्या जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घातल्या, उजाडल्यावर जहाजाने पाण्यावर फेसाचा पट्टा ओढून दिला आणि विमान उतरलं. शेपूट तुटलं. ३१ माणसं होती, ३१ वाचली. उजाडण्याची वाट बघणं हे खरं दर्यावर्दीपण. १९२७ला मेटलंडनी दीपगृहापाशी केलं तेच.

आणि भर समुद्रात उतरलेल्या विमानाची सगळ्यांत मोठी गोष्ट तर अजून सांगितलीच नाही. मी १९२७ म्हणालो होतो ना? रात्रभर विचार केला. मत बदलतोय. १९२५.

३१ ऑगस्ट १९२५. नौदलाचे कमांडर जॉन रॉजर्स आणि चार साथीदार, पीएन-९ ही उडती बोट घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून हवाईला निघाले. १,८४१ मैलांवर पेट्रोल संपलं. समुद्रात उतरले. रेडिओवर त्यांना ऐकू येत होतं, पण बोलता येत नव्हतं. पाठवायच्या यंत्राला वीज विमान उडताना वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्यातून मिळायची, आणि विमान तर थांबलेलं. म्हणजे शोधणारी जहाजं एकमेकांशी काय बोलतायत, कुठे चुकीच्या जागी शोधतायत, हे सगळं ते ऐकत होते आणि 'आम्ही इथे आहोत' एवढं सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? खालच्या पंखाचं कापड फाडून शीड बांधलं. विमानाला शीड! सुकाणू धरून, तळाच्या फळ्या काढून बाजूला पाण्यात सोडल्या, म्हणजे बोट वाऱ्याने नुसती वाहवत जाऊ नये. पावसाचं पाणी प्यायले. असे सुमारे ४५० मैल शीडावर आले. १० सप्टेंबरला कौआईजवळ त्यांना पाणबुडीने गाठलं. पाचही जण जिवंत. आमच्या देवगडच्या तांडेलाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "इमानाचो गलबत केल्यान? मगे तो आमचोच."

हा माणूस वर्षभराने, ऑगस्ट १९२६मध्ये विमान अपघातातच गेला. मार्च १९२७मध्ये होनोलुलूचा विमानतळ सुरू झाला, त्याला नाव दिलं जॉन रॉजर्स विमानतळ. म्हणजे मुख्य भूमीहून एकही विमान पोचायच्या आधी विमानतळ तयार, आणि नाव अशा माणसाचं जो हवेतून निघाला आणि शिडाने पोचला. आज त्याच जागी इनोये विमानतळ आहे. सागरवेल, तुम्ही डिसेंबरात तिथेच उतरलात.

मोगरा

काका __/\__

टपालवेडा

काका, ही गोष्ट इतकी सुंदर आहे की वाद घालवत नाही. तरी 'सेवा' या शब्दाला मी चिकटून आहे.

किनारा_हिलो

मीही १९२९ला चिकटून. पण रॉजर्सना कौआईच्या लोकांनी आजही लक्षात ठेवलंय, हे सांगतो.

सागरवेल

मंडळी, काल रात्री लेकीने सगळे प्रतिसाद बसून वाचले. मराठी वाचायचा कंटाळा करणारी पोरगी, 'अलेनुइहाहा' देवनागरीत कसं लिहिलंय बघायला दोनदा मागे गेली.

तिचा निर्णय असा. डाव्या टोकाला १९२५, आणि तिथे विमान नाही, शिडाची बोट काढलीये, शिडावर पंखाच्या कापडाचे टाके. १९२७ला दोन चित्रं: दीपगृह आणि मिल्ड्रेड. पण 'विमानसेवा सुरू' हे शब्द तिने लाल शाईने लिहिलेत ते ११ नोव्हेंबर १९२९पाशी. कारण विचारलं तर म्हणाली, "आई, शीर्षकात 'बेटांची' विमानसेवा आहे ना, मग बेटांवरच्या लोकांना मिळाली तेव्हाच सुरू." १९३५ निळ्या रंगात, १९३६ला आडगणितबाईंचा भागाकार, आणि उजव्या टोकाला १९४६. १९५९ तिने घेतलंच नाही, म्हणाली जागा संपली.

आता एकच अडचण: निळ्या तिकिटाचं चित्र नीट मिळत नाहीये.

टपालवेडा

माझ्याकडे होनोलुलूचा शिक्का असलेलं पाकीट आहे, चायना क्लिपरच्या त्याच फेरीतलं. दोन्ही बाजूंचा स्कॅन व्यनितून पाठवतोय. मोठ्या आकारात छापून घे म्हणावं, तिकिटावर विमानाखाली शिडाचं जहाजपण आहे.

दर्यावर्दी

आहे ना? मग काढ म्हणावं तेही.